काठावरचं कार्ड

फुली आली.

सतराव्या जागी आली. म्या कागद डोळ्याजवळ नेला, मले वाटलं शाईचा डाग असन, बोटानं घासून पाह्यलं, नाई गेली. सोळा टिंबं, मंग ते फुली, मंग पुढं चाळीसपर्यंत टिंबंच टिंबं. साहेब माह्या मागं उभे होते, घडी घडी मनगट पाहून राहिले होते. आन् खालच्या लाकडं कापायच्या आरामशीनवाल्याच्या फोनवर अर्ध्या घंट्यापहिले निरोप आलता का मंदाबाईच्या पोट्टीले ताप चढला, डोळे फिरवून राहिली, तिच्या मायले लवकर धाडा.

पोट्टी माही आठ महिन्याची. शेजारच्या शेवंतामायजवळ ठेवून मी कामाले येत होती. निरोप ऐकल्यापासून माहं ध्यान घराकडं, अन् साहेब म्हणे निनावेचे टिंबं दाखव अन् मंग जा, सारी टिंबं आली का छपाई सुरू करतो, उद्या सकाळी निकालाच्या लिस्टा गेल्याच पाह्यजेत. निनावेभाऊ तं नव्हते. आदल्या दिवशी त्याईचा मोठा भाऊ उमरेडले वारला, ते तिकडे गेलते. मशीनजवळ टिंबं काढनारं माह्याशिवाय कोणी नव्हतं.

"आली का?" साहेब म्हणे.

"कार्ड अडकलं साहेब," मी म्हटलं. "पुन्हा चालवते."

कार्ड अडकलं नव्हतं. म्या पुढं काय केलं ते सांगते, पण पहिले निनावेभाऊ कोण ते सांगाले पाह्यजे, नाई तं तुमाले वाटन एका कार्डात काय एवढं.

आमचं हापिस लकडगंजात, आरामशीनच्या वर, दोन खोल्या. एकीत आमी चार बाया कार्डं छेदत होतो, दुसरीत थंड हवा अन् मोठं मशीन. खालून दिवसभर लाकडाचा भुसा वर येऊन राहे, साहेब दाराच्या फटीत चिंध्या कोंबत राहत, मशीनले भुसा चालत नाई म्हणून. कार्ड म्हणजे पोस्टकार्डापेक्षा लांब, कडक कागद. टाइपरायटरसारख्या मशीनवर बोट मारलं का त्याले बारीक चौकोनी भोक पडते, अन् ते भोकं पाहून मोठं मशीन वाचते. शाळांचे मार्क आमच्याकडे येत, आमी छेदत होतो, मशीन बेरीज करे, पास का नापास ते ठरवे, अन् लांबच लांब कागदावर निकाल छापून देये. मी दहावी नापास. गणितात गेली. घरच्याईनं म्हटलं पुरे आता, अन् लग्न लावून देल्लं. नवऱ्याची गिरणी बंद झाली म्हणून मी हापिसात आली. साहेबानं मार्कं नाई विचारले, बोटं किती चालतात तेवढं पाह्यलं.

मशीन काय करन ते सांगनारा प्रोग्राम दुसरे लिहित. निनावेभाऊ तो तपासत. साहेब चिडवत त्याईले, म्हणत, निनावे प्रोग्राम नाई लिहित, प्रोग्रामाच्या चुगल्या लिहिते. भाऊ हसत नसत. कानामागं पेन्सिल, बुशशर्टाचं वरचं बटन लावलेलं, अन् मशीनच्या खोलीत जायच्या पहिले चप्पल भाईर. तसा कोणाचा हुकूम नव्हता. त्याईचे वडील उमरेडले मागावर लुगडे विणत, मागाच्या खोलीत चप्पल नेत नाईत, ते सवय इथं आली.

चुगल्या म्हणजे काय ते मले भाऊनंच शिकवलं. चाळीस कार्डं त्याईनं तयार केलती, लाल सुती धाग्यानं बांधून ठेवत. प्रत्येक कार्डावर एका पोराचे मार्क, अन् शेवटच्या घरात भाऊनं सोता ठरवलेलं उत्तर, पास का नापास. मंग त्याईनं एक लहानसा प्रोग्राम लिहिला होता, तो काय करे, का मार्क मोठ्या प्रोग्रामाले देये, त्याचं उत्तर घेये, अन् भाऊच्या उत्तराशी जुळवून पाहे. जुळलं तं टिंब, नाई जुळलं तं फुली. आपोआप. मानसानं बसून पाह्याची गरज नाई. कोणी प्रोग्रामात एक अक्षर जरी बदलवलं तरी भाऊ म्हणत, टिंबं काढा. दिवसातून धा वेळा बदलवलं तं धा वेळा काढा. साहेब वैतागत, म्हणत का गा निनावे, काल तं काढली होती. भाऊ म्हणत, काल तुमी कालचा प्रोग्राम देल्ला होता.

त्या कार्डाईले त्याईनं नंबर नाई देल्ले, नावं देल्ली. वरच्या काठाले पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं. एका कार्डावर शंभरातून एकशे पाच मार्क, त्याचं उत्तर 'हे होऊच शकत नाई', अन् त्या कार्डाचं नाव 'साहेब'. आमी बाया मरेपर्यंत हसलो होतो. परीक्षेलेच नाई आला त्या पोराचं कार्ड, त्याचं नाव आमच्या शिपायाचं, कारण तो सोमवारी येतच नसे. शिपाई आला तं म्हणे, काहून भाऊ, मी काय गैरहजर राहतो का. भाऊ म्हणत, तू नाई राहत गा, तुहं कार्ड राहते.

त्याईची एक सवय लय अजीब होती. काहीबी विचारायच्या पहिले उत्तर हाताच्या तळव्यावर लिहून घेत. किती वाजले विचारायचं तं पहिले लिहित, मंग विचारत. डब्यातली भाजी तोंडात टाकायच्या पहिले लिहित, खारट. मंग मूठ झाकत, खात, अन् मूठ उघडून पाहत. एकडाव माह्या डब्यातली वांग्याची भाजी खाल्ली अन् मूठ उघडून दाखवली, लिहिलं होतं 'अळणी', अन् भाजी बरोबर होती. म्हणे, चुकलो वं मंदा. मी म्हटलं, भाऊ, हे काय खूळ. ते म्हणे, खाऊन मंग म्हटलं असतं का मले वाटलंच होतं बरोबर असन, तं मी कधीच चुकलो नसतो. उत्तर पहिले लिहाचं. मशीनले विचारून उत्तर लिहिलं तं ते उत्तर नसते, ते हो ला हो असते.

आन् सारी टिंबं आली तरी त्याईचा भरवसा बसत नसे. मंग ते मुद्दाम प्रोग्राम बिघडवत. प्रोग्राम बी कार्डाईवरच छेदलेला राहे, त्यातलं एखादं कार्ड काढून टाकत अन् पुन्हा चालवत. फुली येते का पाहू दे, म्हणत, टिंबं आंधळी तं नाई झाली. फुली आली का खूश होत, काढलेलं कार्ड परत लावत, अन् चप्पल घालून घरी जात. आमी बाया म्हणत, हे मानूस चुका पाह्यल्याशिवाय जेवत नाई.

आता सतराव्या कार्डाचं.

ते दुपारी चहाच्या टायमाले नवीन कार्ड बनवून राहिले होते. नियम असा होता का पास व्हायले पस्तीस लागतात, अन् एका विषयात पाचपर्यंत कमी पडले तं ग्रेस देऊन पास कराचं. म्हणजे तीस असले तरी पास. भाऊनं विचारलं, तुहे गणितात किती होते वं. मी सांगत नाई ते कोणाले. पण त्याईनं पहिले तळव्यावर लिहून मूठ झाकली, तं सांगून टाकलं, तीस.

त्याईनं मूठ उघडली. अठ्ठावीस लिहिलं होतं.

"मंग ग्रेस नाई भेटला?"

"आमच्या टायमाले नव्हता म्हणे. का होता, मालूम नाई. बाबा गेलेच नाईत विचाराले."

 मंग भाऊ सांगू लागले का त्याईची माय लुगडं मागावरून उतरलं का मधात पाहतच नसे, काठ पाहे. पूर्ण काठ बोटातून काढे. धागा मधात तुटत नाई, काठाले तुटते. प्रोग्रामाचं बी तसंच, नव्वदवाल्याले कोणताच प्रोग्राम नापास करत नाई, धावाल्याले पास करत नाई, चूक असन तं तिसाजवळ असन. असं म्हणत त्याईनं कार्ड छेदलं. गणित तीस. शेवटच्या घरात पास. अन् वरच्या काठाले पेन्सिलीनं लिहिलं, मंदा.

त्या दिवसापासून रोज सतराव्या जागी टिंब येये. मी कोणाले सांगितलं नाई, पण कागद भाईर आला का मी पहिले सतरावं टिंब पाहे. रोज एकडाव पास होऊन राहिली होती मी.

तं त्या दिवशी फुली तिथं आली.

काहून आली ते मले तवा समजलं नाई, मंग समजलं. सकाळी साहेबानं नव्या प्रोग्रामवाल्या पोराले नियम सांगितला, का पाचच्या आत कमी पडले तं पास कर. आपण बोलतो नं, पाचच्या आत, म्हणजे पाच धरून. तो शहाणा, त्यानं आत म्हणजे आत लिहिलं. चार कमी, पास. पाच कमी, नापास. एका शब्दानं. एकतीसवाली पास अन् तीसवाली नापास.

मले एवढंच दिसलं का मशीन म्हणून राहिलं तीस म्हणजे नापास. अन् मले वाटलं मशीनचंच बरोबर असन. खरं सांगते, वाटलंच मले, तीसले नापासच असते, मले मालूम आहे. साहेबाले फुली दाखवली तं ते भाऊले उमरेडवरून बोलवतीन, प्रोग्राम उघडतीन, दोन-तीन घंटे मले सोडत नाईत. अन् पोट्टी डोळे फिरवून राहिली.

म्या सतरावं कार्ड छेदायच्या मशीनवर लावलं, बाजूले कोरं लावलं. एक बटन दाबून ठेवलं का जुन्या कार्डावरचे भोकं नव्यावर आपोआप पडत जातात. शेवटच्या घरापाशी बोट उचललं. तिथं पासच्या जागी नापास मारलं. एवढंच. सुई टोचायले लागते तेवढा वेळ. मंग पेन्सिलीनं वर नाव लिहिलं, जुनं कार्ड डब्याच्या झाकनात दडवलं, गठ्ठा लावला, चालवला.

चाळीस टिंबं.

साहेब म्हणे, शाब्बास, पळ. मी पळाली. शेवंतामायनं पोट्टीले ओल्या फडक्यात गुंडाळून रिक्षात बसवली होती, दवाखान्यात डॉक्टर म्हणे तापाचा झटका होता, वेळेवर आनलं, आता भेवाचं नाई. रात्रभर ती माह्या छातीशी झोपली अन् मी जागी. मले पोट्टीचं नव्हतं वाटून राहिलं. मले ते सतरावं टिंब दिसून राहिलं होतं.

सकाळी हापिसात आली तं लिस्टा छापून झाल्या होत्या, गठ्ठे सुतळीनं बांधून दारात ठेवलेले, न्याले गाडी यायची होती. अन् दाराभाईर निनावेभाऊ उभे. डोकं भादरलेलं. मले ओळखूच नाई आले. त्याईचा मोठा भाऊ वारून दोनच दिवस झाले होते, सुतकात घराभाईर निघत नाईत, शिपाई बी म्हणे काहून आले भाऊ. ते म्हणे, लिस्टा चालल्या नं, टिंबं पाहून जातो. दाराच्या आत पाय नाई ठेवला. म्हणे, मी कशाले शिवत नाई, मंदा, तू चालव, मी इथून पाहतो.

म्या चालवलं. चाळीस टिंबं. कागद दुरून दाखवला.

भाऊ म्हणे, "आता ग्रेसचं कार्ड काढून चालव. फुली येते का पाहू दे."

 प्रोग्रामातलं ग्रेसचं कार्ड काढलं का कोणालेच ग्रेस भेटत नाई, म्हणजे पंधरावं, सोळावं अन् सतरावं, तिघाईले फुली याले पाह्यजे. पंधरा तेहतीसवालं, सोळा एकतीसवालं, सतरा माहं. मशीन खडखडलं. कागद भाईर आला. पंधराले फुली. सोळाले फुली. सतराले टिंब.

भाऊ उंबरठ्यावरूनच वाकले.

"सतरावं दाखव. हातात धर, उजेडाकडे."

म्या धरलं. ते लय वेळ पाहत राहिले. भोकं नव्हते पाहून राहिले, वरचं नाव पाहून राहिले होते.

"हा म माहा नाई," ते म्हणे. हळूच म्हणे. "मी म ले खाली गाठ मारतो."

तेवढ्यात साहेब वर आले. भाऊ वळून म्हणे, गाडी आली तं परत पाठवा, सतरावं कार्ड बदलवलेलं आहे, लिस्टा जात नाईत, काठावरची हरेक पोरगी पाडली आहे तुमी. साहेबाले पहिले पटलं नाई. मंग सुतळी तोडून एक लिस्ट उघडली, तीसवाले शोधले, साऱ्याईपुढं नापास. एका पानावर तीन. साहेब मटकन खुर्चीत बसले. मंग उठले अन् चिल्लावले का कार्ड कोणं बदलवलं.

खोलीत आमी चार बाया, शिपाई, तो नवा प्रोग्रामवाला.  खालची आरामशीन तेवढी चालू.

"निनावे, तुमाले मालूम आहे?"

"आहे."

"मंग सांगा."

"मी सांगत नाई. ज्यानं केलं त्याले तोंड आहे, त्याले सांगू द्या."

असं म्हणून भाऊनं कानामागून पेन्सिल नाई काढली, खिशातून पेन काढला. डाव्या तळव्यावर काहीतरी लिहिलं. दोन-तीन अक्षरं. मूठ झाकली. अन् माह्याकडे पाह्यलं. साऱ्याईकडे पाह्यल्यासारखं करून माह्याकडेच. वाट पाहून राहिले होते.

 नवरा घरी, पोट्टीचं दूध, औषध, घराचं सारं माह्या बोटाईवर. मी म्हटलं मनात, आता बोलते, मशीनचा पंखा एकडाव गरकन फिरला का बोलते. पंखा फिरला. मी नाई बोलली.

साहेब म्हणे, "चोराले झाकता? मंग तुमी बी उद्यापासून नका येऊ."

 भाऊ खोटं बी नाई बोलले का माह्याच हातून झालं. तेवढं म्हटलं असतं तं साहेब थंडे झाले असते, जुनं मानूस होतं. पण भाऊनं कधी जाणून खोटं उत्तर लिहिलं नाई, ते तिथं काहून लिहितीन.

त्याईनं झाकलेली मूठ वर आनली, उघडून सोताच पाह्यलं. आमच्याकडे तळवा वळवला नाई. चेहरा हलला बी नाई, म्हणजे जुळलं का नाई जुळलं ते मले आजबी मालूम नाई. पुन्हा मूठ झाकली, चप्पल घातली, भुसा पडलेल्या पायऱ्या उतरून गेले. मी खिडकीतून पाह्यलं. भादरलेलं डोकं, वरचं बटन लावलेलं, रस्ता ओलांडेपर्यंत डावी मूठ झाकलेलीच. उमरेडच्या बसकडे.

त्या दिवशी प्रोग्राम दुरुस्त झाला, लिस्टा पुन्हा छापल्या, काठावरच्या पोरी पास होऊन गेल्या. त्याईले काहीच मालूम नाई, मालूम व्हायचं कारण बी नाई. लाल धाग्याचा गठ्ठा आता माह्याजवळ असते, टिंबं मीच काढते, मुद्दाम बिघडवून बी पाहते. माहं जुनं कार्ड परत सतराव्या जागी लावलं, खाली गाठ मारलेल्या म चं. रोज टिंब येते. पोट्टी आता उभी राहाले लागली. उमरेडची बस रोज सुटते, मी एकडाव स्टँडपर्यंत गेली बी, अन् परत आली.

हे सारं वाचून तुमी म्हणसान, म्या बोलाले पाह्यजे होतं. नाई तं म्हणसान, लेकरू होतं तिचं, काय करन बिचारी. पण असं वाचून मंग नका म्हणू. पेन घ्या, तळव्यावर लिहा, मूठ झाका, मंग त्या खोलीत माह्या जागी उभे राहा, पोट्टी तापानं फणफणलेली, साहेब मागं, भाऊ दारात.

तुमी काय केलं असतं?